जित्याचं तेरावं

"जिवंतपणी स्वतःचं तेरावं घालतोय म्हणे! ऐकलंस का गं?" कुंपणाच्या फळीवर मटारची टोपली टेकवत सालोमिया म्हणाली.

राफिलाने कुदळ थांबवली नाही. "कोण?"

"कोण म्हणजे? तुझा मुकादम. निकिफोर. फुप्फुसात कोळसा साचलाय, डॉक्टरांनी हात टेकले. दोन्ही पोरं स्पेनमध्ये, ती कुठली येतात! मेल्यावर जेवण घालायला कोण बसलंय? म्हणून आपल्या हातानंच उरकून घेतोय. शनिवारी, चर्चच्या अंगणात. सगळ्या गावाला बोलावणं आहे." सालोमिया जरा थांबली. "तुलाही आहे. नाव घेऊन."

"माझं नाव घेतलं त्यानं?"

"म्हणाला, राफिला आली नाही तर बाकीचं गाव जेवून काय उपयोग."

आता मात्र कुदळ थांबली. राफिला कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि हसली. तिचं ते हसू पाहून सालोमियाने छातीवर क्रूस काढला.

कोर्बू गावात ही रीत जुनी आहे. ज्याला मागचं कोणी करील असा भरवसा नसतो, तो जिवंतपणीच आपल्या आत्म्याचं जेवण घालतो. प्रत्येकाच्या हातात स्वतः पाव देतो, पावात खोचलेली पेटती मेणबत्ती देतो, आणि घेणारा म्हणतो, "बोगदाप्रोस्ते." म्हणजे पोचलं, देव तुला क्षमा करो. तेवढा शब्द तोंडातून निघाला की ते अन्न त्याच्या नावाने वर जमा होतं. नाही निघाला, तर ते खाणाऱ्याच्या पोटात जातं आणि तिथेच संपतं. आणि जुन्या बायका असंही सांगत की ज्याचं आपण वाईट केलं, त्याने भाकर हातात घेऊन तोंड मिटून ठेवलं, तर वर मांडलेल्या पानासमोर जेवण घालणाऱ्याचा आत्मा कायम उपाशी बसतो. निकिफोर काही देवभोळा नव्हता. पण मरण दारात आलं की माणसाला आजीच्या गोष्टी आठवतात.

"येते म्हणावं," राफिला म्हणाली. "पाव घेईन, मेणबत्ती घेईन. तोंड उघडणार नाही."

"अगं बाई! गावासमोर?"

"गावासमोरच तर. घरी तोंड मिटून बसायला मला त्याचं आमंत्रण कशाला हवं?"

"राफिले, म्हातारा झालाय गं तो. चार पावलं चालला तर धाप लागते."

"लागू दे. माझ्या अव्रामलाही लागली असेल."

टोपली उचलता उचलता सालोमियाने राफिलाच्या पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं आणि नेहमीचं वाक्य टाकलं, "या वर्षी तरी तिथे कांदे लाव. फुकट जाते जागा."

कोर्बूतल्या जुन्या घरांमध्ये माणसं आपले मृतजन आपल्याच परसात पुरतात. राफिलाच्या परसात आलुबुखाराच्या झाडाखाली सासू-सासरे होते. त्यांच्या शेजारी पुरुषभर लांबीचा एक तुकडा होता. तो ती दर वसंतात खणायची, दगड वेचायची, माती भुसभुशीत करायची आणि तसाच सोडायची. तेहतीस वर्षं त्यात काही पेरलं नव्हतं आणि कोणाला ठेवलंही नव्हतं.

अव्राम खाणीतच राहिला होता.

तेव्हा राफिला खाणीच्या दिवेखोलीत होती. पाळीवर जाणारा प्रत्येक जण खिडकीशी यायचा, आपला पितळी बिल्ला चौकटीवर वाजवायचा, की ती आकड्यावरचा त्याचा दिवा काढून द्यायची. मान वर न करता तिला कळायचं कोण आलंय. कोणी एकदाच धाडकन आपटायचा, कोणी नखाने खाजवल्यासारखं करायचा. अव्रामचं ठोकणं वेगळं. आधी तीन, सावकाश. मग दोन, घाईघाईने. लग्नाआधी तो तिच्या बापाच्या फाटकावर असंच ठोकायचा, म्हातारा खोकत बाहेर येईपर्यंत पळून जायचा. त्या दिवशीही त्याने तसंच ठोकलं, दिवा घेतला आणि म्हणाला, "संध्याकाळी राजमा कर. धुरावलेलं मटण घालून. जास्त कर, काल पुरला नाही."

तिने जास्त केला होता. दुपारी खाणीत वायू पेटला.

अव्रामच्या बोगद्यात नऊ माणसं होती. आग कोळशाच्या थरात शिरली. शहरातून साहेबलोकांचे फोनवर फोन येऊ लागले की खाण वाचवा, खाण गेली तर तुमची धडगत नाही. मुकादम निकिफोर विटा आणि चिकणमाती घेऊन खाली उतरला आणि त्याने बोगद्याच्या तोंडावर भिंत घातली. हवा तोडली की आग मरते. आगीबरोबर आणखी काय मरतं ते त्या कोळशाच्या दरीत शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. निकिफोरने वर येऊन सांगितलं, "पलीकडे कोणी जिवंत नव्हतं. सगळे झटक्यात गेले." तसं सही करून दिलं.

भिंत बांधायला गेलेल्यांपैकी एक जण त्याच रात्री चौथ्या पेल्यानंतर दारूच्या गुत्त्यात रडला होता. म्हणत होता, आत जाणाऱ्या हवेच्या नळीवर ठोकल्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, मी कुठे काय बोललो?

राफिला मुकादमाच्या दाराशी तीनदा गेली. पहिल्यांदा गेली ती दुसऱ्याच दिवशी सकाळी. "ठोकत होतं का कोणी?" एवढंच विचारलं. तो म्हणाला, "नाही. झटक्यात गेले." नऊ दिवसांनी गेली, तेच. चाळीस दिवसांनी गेली, तेव्हा त्याच्या बायकोने कुत्रं सोडलं.

त्यानंतरही वर्षानुवर्षं ती त्याच खिडकीतून त्याला दिवा देत राहिली. एकदा हात शिवशिवला होता, खोटं कशाला बोला. चार्ज न झालेला दिवा हातात आला होता आणि समोर निकिफोर उभा होता. पण त्याच्या उजेडात मागची सहा पोरं चालायची. तिने चांगला दिवा दिला आणि मनात म्हणाली, तुझं-माझं वर उजेडात होईल.

पुढे खाण बंद पडली. पोकळ झालेली जमीन खचायला लागली आणि टेकडीवरचं तीनशे वर्षांचं लाकडी चर्च एका अंगाला कलंडलं. तेव्हा याच निकिफोरने बंद खाणीतले ओंडके आणि लोखंडी कमानी वर आणल्या आणि चर्चला टेकू दिले. चोख काम केलं, नाही म्हणता येणार नाही. गावाने त्याला डोक्यावर घेतलं. राफिला एवढंच म्हणाली, "वर टेकू, खाली भिंत. बांधकामात हात बसलाय मेल्याचा."

आणि तिने चर्चची फळी वाजवायचं काम मागून घेतलं. चर्चच्या वळचणीला दोन साखळ्यांनी टांगलेली एक लांब फळी असते. प्रार्थनेआधी ती लाकडी मोगरीने वाजवतात, मग लोक येतात. पगार नाही, थंडीत बोटं फुटतात, कोणी घेत नव्हतं ते काम. पण अव्रामचा बोगदा त्या टेकडीच्या पोटात शिरत होता, बरोबर चर्चच्या खाली. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे.

शनिवारी सकाळी राफिलाने काळा रुमाल बांधला आणि टेकडी चढली. अंगणात निकिफोरच्या शेजारणींनी लांब टेबलं मांडली होती. कढईत राजमा रटरटत होता, धुरावलेल्या मटणाचा वास खाली रस्त्यापर्यंत येत होता. राफिलाने नाक मुरडलं नाही की काही नाही. मोगरी उचलली, फळी वाजवली, रोजच्या ठेक्यात, आणि आत गेली.

त्या चर्चमध्ये बायका बाहेरच्या खोलीत उभ्या राहतात. मधल्या लाकडी भिंतीला हातभर झरोके आहेत, त्यांतून आतलं दिसतं. राफिलाला निकिफोरची पाठ दिसत होती. एके काळी दारात मावायची नाही अशी पाठ, आता कोट खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. तो काठीवर रेलून उभा होता. पाद्रीबाबा एमिलियान तरुण होते, शहराकडचे, मनाने फार चांगले. शिजवलेल्या गव्हाच्या गोड ताटावर त्यांनी निकिफोरचं नाव वाचलं, वाइन शिंपडली, आणि क्षमेवर बोलले. बोलता बोलता दोनदा झरोक्याकडे पाहिलं.

"तुझ्यासाठीच चाललंय गं," सालोमिया कुजबुजली.

"ऐकते आहे. गोड बोलतो पोरगा. त्याच्या घरचं कोणी खाणीत नव्हतं वाटतं?"

बाहेर आल्यावर निकिफोर एकेकापुढे जाऊ लागला. पाद्रीबाबांनी पावांची टोपली धरली होती. तो पाव काढायचा, मेणबत्ती पेटवायचा, धाप टाकत म्हणायचा, "माझ्या आत्म्यासाठी." आणि समोरून यायचं, "बोगदाप्रोस्ते, मुकादम." "बोगदाप्रोस्ते, निकिफोरदादा." सालोमियानेही म्हटलं, राफिलाकडे न बघता. दर शब्दागणिक म्हाताऱ्याचा चेहरा सैल होत चालला होता.

राफिला मुद्दाम शेवटी उभी होती, फळीखाली.

तो आला. पाव पुढे केला. "राफिला. माझ्या आत्म्यासाठी."

तिने दोन्ही हातांनी पाव घेतला, रीतीप्रमाणे. मेणबत्ती जळत होती. राफिला त्याच्या तोंडाकडे पाहत गप्प उभी राहिली. टेबलांवरचं बोलणं आधी कमी झालं, मग थांबलं.

"मावशी," पाद्रीबाबा हळूच म्हणाले, "शब्द..."

"ठाऊक आहे मला शब्द, पाद्रीबाबा. तुमच्या जन्माआधीपासून." मग ती निकिफोरला म्हणाली, "मुकादम, तुझ्या दारी तीनदा येऊन विचारलं. आज तू बोलावलंस म्हणून चौथ्यांदा विचारते. ठोकत होतं का कोणी?"

"आज नको, राफिला. नंतर बोलू. घरी ये."

"नंतर? तुझ्यापाशी नंतर आहे का?"

कोणीतरी खोकलं. निकिफोर बाकावर बसला, बसला म्हणजे कोसळलाच. काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. मग म्हणाला, "सांगितलं तर म्हणशील?"

राफिला काही बोलली नाही. त्याने तो होकार धरला. आयुष्यभर माणसांना हुकूम दिलेला माणूस, समोरचा गप्प राहिला की त्याला ते 'हो'च वाटायचं.

"ठोकत होता," तो म्हणाला. "एकच जण. हवेच्या नळीवर."

"कसं?"

"कसं म्हणजे?"

"कसं ठोकत होता?"

निकिफोरने डोळे मिटले. त्याचं बोट काठीवर आपोआप हललं. तीनदा, सावकाश. मग दोनदा, घाईघाईने.

"असं," तो म्हणाला. "थांबायचा. परत असंच. शेवटची वीट बसवली तेव्हाही चालू होतं. मला अजून ऐकू येतं, राफिला. झोपलो की ऐकू येतं."

मेण वितळून राफिलाच्या बोटांवर ओघळलं. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण त्याचं तोंड ओरबाडू. तसं काही झालं नाही. फक्त पाय एकदम थंड पडले, दिवेखोलीच्या सिमेंटवर उभं राहिल्यासारखे. म्हणजे अव्राम वाट बघत होता. खिडकीशी उभा राहून दिव्याची वाट बघायचा, तसाच ठोकत होता, आणि यायला कोणी नव्हतं.

"मी काय करणार होतो?" निकिफोर आता घाईने बोलू लागला. "आग पुढे सरकत होती. अलीकडे माझी चाळीस माणसं होती. भिंत घातली नसती तर तीही गेली असती. विचार सालोमियाला! तिचा नवरा होता त्यांत. वीस वर्षं जगला तो नंतर, अंथरुणात मेला!"

सालोमियाने मान खाली घातली. तिच्या हातातली मेणबत्ती कधीच विझली होती.

"भिंत का घातलीस ते मला तेव्हाच कळलं होतं," राफिला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्या चाळीस जणांच्या बायकांच्या मी डोळ्याला डोळा देऊन जगले. सालोमियाशी एक दिवस बोलणं टाकलं नाही. पण मी तुझ्या दारी आले ती दुसऱ्या दिवशी सकाळी, मुकादम. भिंत ओली होती. तू तेव्हा 'हो' म्हणाला असतास, तर मी नखांनी उकरली असती. मेलेला का होईना, घरी आणला असता. जागा करून ठेवली होती त्याच्यासाठी. तू म्हणालास, झटक्यात गेला."

"साहेबांनी बजावलं होतं..."

"आणि चाळिसाव्या दिवशी कुत्रं सोडायला कोणी बजावलं होतं?"

अंगणात एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. पाद्रीबाबा पुढे आले. "मावशी, त्यांनी कबूल केलं. सगळ्यांसमोर. याहून जास्त माणूस काय करणार? आता तुम्ही मन मोठं करा."

"म्हण राफिला," निकिफोर म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. "मी माझं सांगितलं. आता तू तुझं म्हण. एक शब्द."

राफिलाने पावातली मेणबत्ती दोन बोटांच्या चिमटीत विझवली. पाव त्याच्या शेजारी बाकावर ठेवला, नीट, उलटा पडू न देता. अन्न होतं ते. मग ती वळली आणि वळचणीखालची मोगरी उचलली.

तीन, सावकाश. मग दोन, घाईघाईने.

जुनी फळी, वाळून खडखडीत झालेली, तिचा आवाज टेकडीभर जायचा. क्षणभर कोणाला कळलं नाही. मग निकिफोरने असं अंग आक्रसलं की काठी हातातून गळून पडली, आणि मग सगळ्यांना कळलं.

तीन. दोन. ती थांबली. परत तीन, परत दोन.

"पुरे," निकिफोर म्हणाला. "पुरे कर गं."

ती वाजवत राहिली.

"थांबवा तिला! पाद्रीबाबा, थांबवा!" त्याने कानांवर हात ठेवले. "राफिला, पाया पडतो, पुरे!"

तिने मागे न बघता सांगितलं, "ऐकवत नाही ना? मग बांध भिंत, मुकादम. तुला येते."

पाद्रीबाबा दोन पावलं पुढे गेले. पण सालोमिया उठून त्यांच्या वाटेत उभी राहिली. नुसती उभी राहिली, रुमालाचं टोक दातात धरून. आपला पाव तिने टोपलीत परत टाकला होता. टेबलाच्या टोकाला बसलेला एक म्हातारा खाणकामगार उठला आणि त्याने टोपी काढली. खाणीतून प्रेत वर यायचं तेव्हा काढायचे, तशी. मग त्याच्या शेजारच्याने काढली. बाकीचे जागच्या जागी बसून राहिले, चमचे हातात धरून. ताटातल्या राजम्यावर साय धरायला लागली.

निकिफोर उठून जाऊ शकत नव्हता. त्याला चालवत न्यायला कोणीतरी लागत होतं, आणि उठलं कोणी नाही.

राफिला वाजवत होती. तीन सावकाश, दोन घाईघाईने, मग जरा थांबून कान द्यायची, जमिनीकडे मान झुकवून, आणि परत सुरू करायची. उजवा हात भरून आला तेव्हा तिने मोगरी डाव्या हातात घेतली.